वय वाढलं की स्टेम सेल्स कार्टिलेज करायचं विसरतात का? ७१ वर्षांच्या डोनरची पेलेट जमतच नाहीये

पेशीवेडी :

नमस्कार सगळ्यांना. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, बोन मॅरोतल्या मेसेनकायमल स्टेम सेल्सपासून (हाड, कूर्चा, चरबी करू शकणाऱ्या मूळ पेशी) कार्टिलेज म्हणजे कूर्चा करायचं काम आहे आणि गेले तीन महिने एकाच जागी अडकलेय. गाइडना विचारलं तर ते म्हणाले वयस्कर डोनर आहे, असंच होणार, पुढे चल. मला ते पटत नाहीये म्हणून इथे सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

माझ्याकडे तीन डोनर आहेत. एक २३ वर्षांचा मुलगा. दुसऱ्या ७१ वर्षांच्या बाई, खुब्याचा सांधा पूर्ण झिजला होता, तो बदलताना मॅरो घेतलेला. आणि तिसऱ्या ६९ वर्षांच्या, त्यांचं पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालं, सांधा मात्र चांगला होता. तिघांच्याही सेल्स पॅसेज ३ ला (म्हणजे पहिल्या फ्लास्कनंतर तीनदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवून) काढल्या, प्रत्येक ट्यूबमध्ये अडीच लाख, ५०० जीला पाच मिनिटं फिरवून तळाला बसवल्या, या चकतीचा गोळा झाला की तीच पेलेट. मीडियम तिघांना एकाच बाटलीतून, सिरम नाही, टीजीएफ-बीटा ३ (सेल्सना कार्टिलेजकडे वळवणारं प्रोटीन), डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी, आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम), म्हणजे जे सगळे वापरतात तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हाच फरक दिसला. २३ वाल्याच्या ट्यूबमध्ये तळाची चकती कडेकडेने उचलली जाऊन गोळा झालेली, ट्यूबला टिचकी मारली की अलगद सुटून वर येते. ७१ वाल्या चकतीची एकच कड वर आलेली आणि बाकी तळाला चिकटून, टिचकी मारली तर फाटली. ज्या दोन-तीन कशाबशा सुटल्या त्या २१ दिवस सांभाळल्या. शेवटी काढल्या तेव्हा तरुण डोनरची पेलेट पांढरी चकचकीत, चिमट्याने दाबली की परत फुगणारी. ७१ वाली तिच्या निम्मी, पिवळसर, आणि दाबली की दबलेलीच राहते. सॅफ्रानिन ओ (कार्टिलेजला लाल रंगवणारा स्टेन) केलं तर पहिली आतपर्यंत लालभडक, दुसरीला कडेने एक पुसट नारिंगी रेघ आणि मध्ये नुसता फास्ट ग्रीनचा हिरवा.

आता खरा घोळ असा की ६९ वर्षांच्या बाईंची पेलेट मस्त आली. तरुण डोनरपेक्षा किंचित लहान, पण लाल, घट्ट, गोल. वयच कारण असेल तर मग ६९ आणि ७१ मध्ये एवढं काय आहे? पेपर वाचायला घेतले तर निम्मे म्हणतात वयाने फरक पडतो, निम्मे म्हणतात पडत नाही, आणि दोन्हीकडचे डेटा बघून वाटतं की खोटं कोणीच बोलत नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का?

----

फ्लास्कवाला :

पेशीवेडी ताई, प्रश्न फार चांगला मांडलाय, आणि त्या चकतीचं जे वर्णन केलंय ना ते मी पंधरा वर्षं बघतोय. पहिल्या चोवीस तासांत गोळा नाही झाला की पुढचे वीस दिवस मीडियम बदलून सहसा काही हाती लागत नाही. १९९८ मध्ये जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या मॅरोतल्या सेल्सवर ही पेलेटची पद्धत दाखवली तेव्हापासून सगळे तीच वापरतात. सेल्स एकमेकींना खेटून बसल्याशिवाय त्यांना कार्टिलेजचा रस्ता सापडत नाही, गर्भातसुद्धा हाडाच्या जागी आधी अशीच सेल्सची गर्दी होते आणि मग तिथे कूर्चा तयार होते. त्यामुळे तुमची चकती फाटली म्हणजे पहिली पायरीच हुकली.

पण मला तुमच्या पोस्टमधला एकच शब्द खुपला, "पॅसेज ३". तिघींना पॅसेज ३ ला आणलंत म्हणजे तिघी सारख्या झाल्या असं तुम्ही धरून चाललायत. माझ्या मते सगळी गडबड तिथेच आहे, आणि तुम्ही वाचलेल्या पेपरांमधली निम्मी भांडणं पण त्याचीच आहेत.

कसं ते सांगतो. मॅरोमध्ये या सेल्स मुळात थोड्या, आणि वयाबरोबर त्या घटतात. या सेल्सवर काम केलेले शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांचा एक तक्ता सगळीकडे दिला जातो. नवजात बाळाच्या मॅरोत दर दहा हजार सेल्समध्ये कॉलनी (एका सेलपासून वाढलेला पुंजका) करणारी साधारण १, किशोरवयात लाखात १, आणि ऐंशीच्या घरात वीस लाखांत १. हे आकडे अगदी तंतोतंत धरू नका, कारण सुईने मॅरो ओढताना पहिले दोन मिली सोडले की पुढे जास्त करून रक्तच येतं आणि मोजणी पातळ होते, पण दिशा बरोबर आहे. आता किशोर आणि ऐंशी यांच्यात वीसपट फरक आला ना, मग तोच फ्लास्क भरायचा म्हणजे म्हाताऱ्या डोनरच्या प्रत्येक सेलला वीसपट जास्त पिल्लं द्यावी लागणार. वीसपट म्हणजे दोनाच्या पटीत मोजलं तर चारपेक्षा थोडे जास्त डबलिंग, म्हणजे दुप्पट होण्याच्या फेऱ्या. आणि हे सगळं पॅसेज ० मध्येच उरकलेलं असतं, तुम्ही पहिल्यांदा ट्रिप्सिन (सेल्स तळापासून सोडवणारं एन्झाइम) घालायच्या आधी! डबीवर दोघींच्या P3 लिहिलेलं, पण एक सेल चार पिढ्या जास्त राबून आलेली.

आणि या पिढ्या फुकट नसतात. हेफ्लिकने १९६१ मध्येच दाखवलं की माणसाच्या साध्या सेल्स डिशमध्ये ठरावीक वेळा विभागतात आणि मग थांबतात. मॅरोतल्या सेल्स तर त्याच्या किती आधीच कार्टिलेज करायची ताकद घालवतात. हाड करायची ताकद त्यामानाने जास्त टिकते, कार्टिलेजची आधी जाते, हे मी स्वतः पुन्हा पुन्हा बघितलंय. मायक्रोस्कोपखाली पण कळतं, सुरुवातीला माशांच्या झुंडीसारख्या बारीक लांबट, एका दिशेने पोहत निघालेल्या दिसतात, थकल्या की रुंद चपट्या पसरतात, आतल्या दोऱ्या दिसायला लागतात. असल्या पसरलेल्या सेल्सना गोळा व्हायला सांगणं म्हणजे ओल्या गोधडीची घडी घालण्यासारखं आहे, होत नाही.

तर एक काम करा. पॅसेज ० ला कॉलन्यांचे फोटो काढले असतील, कॉलन्या मोजा. पहिल्या ट्रिप्सिनला किती सेल्स निघाल्या ते वहीत असेल. निघालेल्या सेल्स भागिले कॉलन्या, आणि त्याचा दोनाच्या पायावर लॉग. त्यात पुढच्या प्रत्येक पॅसेजचे डबलिंग मिळवत जा. आकडे इथे टाका, मग बोलू.

बाकी दोन गोष्टी पटकन. वाढवताना एफजीएफ-२ (वाढीचं प्रोटीन) घालत नसाल तर घाला, थोडंसं घातलं तरी सेल्स लवकर वाढतात आणि कार्टिलेजची क्षमता जास्त टिकते. आणि ७१ वालीवर एकदा बीटा-गॅलचा निळा स्टेन करून बघा, पीएच ६ वर, किती टक्के सेल्स म्हाताऱ्या झाल्यात ते डोळ्यांनी दिसेल.

----

मूळपेशी_मराठी :

फ्लास्कवाला दादांशी बऱ्यापैकी सहमत, पण एक सांगू का, सगळंच डिशमधल्या डबलिंगवर ढकलून चालणार नाही. शरीरात असतानाच या सेल्स बदललेल्या असतात, तुम्ही फ्लास्कमध्ये टाकायच्या आधी.

काय काय बदलतं ते मला समजलंय तसं लिहिते. एक, पी१६ नावाचं प्रोटीन वाढतं, ते सेलला विभागायचं थांबवतं. दोन, मायटोकॉन्ड्रिया दमतात, ऑक्सिडेशनचा कचरा साठतो. तीन, आणि हे कार्टिलेजसाठी सगळ्यात महत्त्वाचं, टीजीएफ-बीटा ऐकायचे कानच बदलतात. टीजीएफ-बीटा सेलमध्ये दोन वाटांनी शिरतो असं समजा. एएलके-५ रिसेप्टर पकडला की आत स्मॅड २ आणि ३ जागे होतात, कार्टिलेजची जनुकं चालू करणारा एसओएक्स-९ वाढतो, टाइप २ कोलॅजन आणि ॲग्रिकॅन (कार्टिलेजची मुख्य प्रोटीन्स) तयार होतात, म्हणजे जे हवंय ते. एएलके-१ पकडला की स्मॅड १, ५, ८ आणि मग सेल फुगायच्या मार्गाला लागते, टाइप १० कोलॅजन, चुना, शेवटी हाड. उंदरांच्या सांध्यात दाखवलंय की वयाबरोबर एएलके-५ घटतो आणि पारडं एएलके-१ कडे झुकतं. म्हणजे मीडियममध्ये टीजीएफ तेवढाच ओतलाय, पण ऐकणारी वेगळंच ऐकतेय. म्हणून पेशीवेडी, नुसतं सॅफ्रानिन बघू नकोस, टाइप १० कोलॅजन पण बघ, आणि जमलं तर दोन्ही रिसेप्टरांचं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजायची चाचणी) कर.

चार, मॅरोत वयाबरोबर चरबी वाढते. ज्या सेल्स हाड किंवा कूर्चा करू शकल्या असत्या त्या चरबीच्या बाजूला झुकतात.

आता उलट बाजू पण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००७ मध्ये शार्स्टुल आणि मंडळींनी सांधा बदलायला आलेल्या पेशंटांच्या मांडीच्या हाडातला मॅरो घेतला होता, वयं वेगवेगळी, आणि कार्टिलेज करायच्या क्षमतेचा वयाशी संबंध सापडला नाही. सांधा कशाने झिजला याच्याशीही नाही. २००२ मधला मर्फी आणि सहकाऱ्यांचा पेपर बरोबर उलटं सांगतो, ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांधा झिजायचा आजार) पुढच्या टप्प्याला गेलेल्या पेशंटांच्या मॅरोतल्या सेल्सची कार्टिलेज करायची ताकद कमी पडली. २०१० मध्ये पेन आणि चू यांनी तर बायका आणि पुरुष वेगळे करून बघितलं आणि वयाबरोबरची घट पुरुषांमध्ये आढळली, बायकांमध्ये तशी नाही. बघ, एकाच प्रश्नाला तीन उत्तरं. वासरं आणि मोठ्या गायीगुरांच्या सेल्सवर २०११ मध्ये काम झालं त्यात मात्र चित्र स्वच्छ होतं, गर्भातल्या आणि कोवळ्या वयातल्या सेल्सनी जेलमध्ये चांगलं कार्टिलेज केलं, प्रौढ जनावरांच्या सेल्सनी कमी.

मला वाटतं जनावरांमध्ये निकाल स्वच्छ येतो कारण तिथे गर्भ ते प्रौढ एवढा मोठा पल्ला घेता येतो. माणसांच्या अभ्यासात मॅरो मिळतो कोणाचा, तर ऑपरेशनला आलेल्यांचा, म्हणजे बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे. ५५ आणि ७५ मध्ये फरक शोधायचा म्हणजे डोंगर उतरून झाल्यावर उतार मोजायचा.

आणखी एक, मॅरोचा हट्ट का? सांध्याच्या आतलं अस्तर, सायनोव्हियम, त्यातल्या सेल्स कार्टिलेजला मॅरोपेक्षा सरस ठरल्यात आणि वयाचा फटका त्यांना कमी बसतो असं दिसतं. त्याच ७१ वर्षांच्या बाईंच्या ऑपरेशनमध्ये अस्तराचा तुकडा पण निघाला असणार.

----

सांध्याचा_डॉक्टर :

मी हाडांचा सर्जन आहे, लॅबवाला नाही, तरी लिहितो कारण हा विषय मला रोज टेबलावर दिसतो.

तुमच्या ट्यूबमध्ये सेल एकटी असते. शरीरात तिच्या भोवती पूर्ण मोहल्ला असतो, आणि म्हाताऱ्या माणसात तो मोहल्लाही म्हातारा झालेला असतो. झिजलेला गुडघा उघडला की अस्तर लाल, सुजलेलं, पाणी भरलेलं. त्या पाण्यात आयएल-१, टीएनएफ असली सूज वाढवणारी द्रव्यं असतात आणि ती कार्टिलेज तयार व्हायलाच अडवतात, तरुण सेल टाकली तरी. शिवाय थकलेल्या सेल्स गप्प बसत नाहीत, त्या स्वतः आयएल-६ आणि मॅट्रिक्स कापणारी एन्झाइम्स सोडत राहतात, म्हणजे शेजारणीलाही बिघडवतात. त्यामुळे डिशमध्ये "वयाचा परिणाम नाही" असा निकाल आला तरी मी माझ्या पेशंटला तेच सांगेन असं नाही.

पेरिऑस्टियम, म्हणजे हाडावरचं पातळ आवरण, त्याचं उदाहरण देतो, मला ते सगळ्यात समजायला सोपं वाटतं. ओ'ड्रिस्कॉल यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या सशांचं पेरिऑस्टियम काढून कल्चरमध्ये ठेवलं. कोवळ्या सशांच्या तुकड्यांनी भरपूर कूर्चा केली, वाढ पूर्ण झालेल्यांची क्षमता घसरली, आणि म्हाताऱ्यांची तर फारच कमी. आवरणाच्या आतल्या बाजूला कँबियम नावाचा थर असतो, मूळ सेल्स तिथेच राहतात, तो वयाबरोबर पातळ होत गेलेला. ऑपरेशन करताना हे हाताला कळतं. लहान मुलाचं पेरिऑस्टियम जाड, सोलताना अखंड निघतं, म्हाताऱ्या माणसाचं कागदासारखं, धरलं की फाटतं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या की मोठेपणी कार्टिलेज असंही स्वतःला दुरुस्त करत नाही. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, सेल्स म्हणाल तर एकूण आकारमानाच्या एक-दोन टक्के. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. २०१६ मध्ये त्याचा अणुबॉम्बच्या चाचण्यांवरून पडताळा मिळाला. १९५० आणि ६० च्या दशकातल्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता, आणि गुडघ्याच्या कोलॅजनमध्ये त्याचं प्रमाण मोजून कळलं की ते कोलॅजन माणसाच्या वाढीच्या वयात तयार झालं आणि नंतर जवळपास बदललंच नाही. झिजलेल्या सांध्यातसुद्धा नाही. म्हणजे सत्तरीतला माणूस ज्या कूर्चेवर चालतो तिचा सांगाडा त्याच्या विशीच्या आत बांधलेला असतो. त्यावर पन्नास वर्षं साखरेचे धागे चढून ती कडक, ठिसूळ, पिवळट होते.

मायक्रोफ्रॅक्चर म्हणून ऑपरेशन असतं, कूर्चेच्या खड्ड्यात हाडाला बारीक भोकं पाडायची म्हणजे मॅरो वर येतो आणि त्यातल्या स्टेम सेल्स खड्डा भरतात. हे म्हणजे तुमचंच पेलेट कल्चर, फक्त गुडघ्यात. चाळिशीच्या आतल्यांना याचा फायदा जास्त होतो, पुढे कमी होत जातो. आणि भरतं तेही बहुतेक फायब्रोकार्टिलेज, टाइप १ कोलॅजनवालं, मूळ गुळगुळीत काचेसारखी कूर्चा नाही. काही वर्षांत ते घासून जातं.

----

निवृत्त_मास्तर :

तज्ज्ञ मंडळींत मध्येच बोलतोय, माफ करा. मी ६६ वर्षांचा, शिक्षक होतो, दोन्ही गुडघे झिजलेत, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. तुमचं सगळं कळलं नाही पण दोनदा वाचलं. मला साधं विचारायचंय. मला एकाने स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलंय, माझ्याच कमरेच्या हाडातून काढून माझ्याच गुडघ्यात, त्याने कूर्चा परत येईल म्हणे. डॉक्टरसाहेब जे लिहितायत त्यावरून माझ्या वयाच्या सेल्स काही कामाच्या नाहीत असं समजू का? मग ते इंजेक्शन देतात कसं? आणि तरुण माणसाच्या सेल्स घेतल्या तर?

----

सांध्याचा_डॉक्टर :

मास्तर, माफी कसली, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कामाच्या नाहीत असं समजू नका. कमी आहेत, दमलेल्या आहेत, आणि त्यांना जिथे पाठवणार ती जागा सुजलेली आहे, असं समजा. मॅरो काढून तसाच गाळून गुडघ्यात सोडला तर त्यात खऱ्या स्टेम सेल्स अगदी चिमूटभर असतात, वर फ्लास्कवाला यांनी आकडे दिलेत. त्यातून गुडघ्यात नवी कूर्चा उगवते हे कोणी सिद्ध केलेलं नाही. २०२३ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, पावणेपाचशेच्या आसपास पेशंट, कोणाला स्वतःचा मॅरो, कोणाला स्वतःच्या चरबीतल्या सेल्स, कोणाला नाळेतल्या, आणि तुलनेला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. एका वर्षानंतर दुखण्यात कोणताच सेलचा प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही, आणि एमआरआयवरही नवी कूर्चा दिसली नाही. नाळेतल्या सेल्स म्हणजे वय शून्य, तरी नाही. त्यामुळे "तरुण सेल्स घेतल्या तर" याचं उत्तर निदान इंजेक्शनपुरतं तरी तिथे मिळालंय.

तरुण सेल्स ऑपरेशन करून, खड्डा साफ करून, जेलमध्ये घालून बसवणं हा वेगळा प्रकार. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातल्या सेल्सचं असं उत्पादन २०१२ पासून मंजूर आहे. तिथे विचार असा की डोनरचं वयच काढून टाकायचं.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. कूर्चा परत येईल असं वचन देऊन कोणी पैसे मागत असेल तर ते इंजेक्शन घेऊ नका. मांडीचे स्नायू कमवा, वजन जास्त असेल तर उतरवा, तुमच्या डॉक्टरांना समोर बसून विचारा की हे कोणत्या चाचणीत सिद्ध झालंय. कठडा धरून उतरताय ते बरोबर करताय, त्यात कमीपणा मानू नका. दुखरा पाय आधी खाली टाकायचा आणि चढताना चांगला पाय आधी.

----

मूळपेशी_मराठी :

मास्तर, थोडी आशेची बाजू मी सांगते, पण ती अजून उंदरांपुरती आहे हे आधीच सांगून.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या गुडघ्यातल्या स्टेम सेल्स झोपलेल्या असतात, मेलेल्या नसतात. मायक्रोफ्रॅक्चर केलं की त्या जाग्या होतात, फक्त नुसत्या सोडल्या तर फायब्रोकार्टिलेज करून मोकळ्या होतात. जाग्या झाल्यावर बीएमपी-२ हे हाड वाढवणारं प्रोटीन दिलं की हाडाच्या वाटेला लागतात, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ अडवलं तर मधल्या थांब्यावर, म्हणजे कूर्चेवर थांबतात. म्हाताऱ्या उंदरांतही हे जमलं, हे मला फार मोठं वाटतं. म्हणजे विसरलेल्या नाहीत, रस्ता दाखवणारं कोणी राहिलेलं नाही.

पण उंदरावरून माणसावर उडी मारताना काय होतं तेही बघितलंय. २०१७ मध्ये उंदराच्या जखमी गुडघ्यातल्या थकलेल्या सेल्स औषधाने मारून टाकल्या तर दुखणं कमी झालं आणि कूर्चेलाही फायदा झाला. तेच औषध, यूबीएक्स०१०१, माणसांच्या गुडघ्यात दिलं, २०२० मध्ये निकाल आला आणि बारा आठवड्यांनी ते नकली इंजेक्शनपेक्षा सरस नव्हतं. उंदराच्या गुडघ्यातली कूर्चा म्हणजे सेल्सचे काही थोडे थर, माणसाची दोन-तीन मिलिमीटर जाड. भरायचा खड्डाच वेगळा.

----

निवृत्त_मास्तर :

डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. इंजेक्शनचा विचार तूर्त सोडला. चांगला पाय आधी वर, दुखरा आधी खाली, हे आज करून बघितलं, खरंच सोपं जातं. पेशीवेडीच्या त्या ७१ वर्षांच्या बाईंच्या सेल्सचं काय होतं ते मात्र मला जाणून घ्यायचंय, इथे जरूर लिहा.

----

पेशीवेडी :

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी वह्या काढून बसले होते.

फ्लास्कवाला दादा, कॉलन्यांचे फोटो होते! मोजल्या. एकाच मापाच्या फ्लास्कमध्ये, दहाव्या दिवशी, २३ वाल्याच्या ४६ कॉलन्या, ६९ वाल्या बाईंच्या ३१, आणि ७१ वाल्या बाईंच्या फक्त ५. पाच! फोटो काढताना मी ते बघितलं होतं आणि कमी आहेत एवढंच लिहून पुढे गेले होते. पहिल्या ट्रिप्सिनला निघालेल्या सेल्स अनुक्रमे ६ लाख, साडेपाच लाख आणि साडेचार लाख. म्हणजे दर कॉलनीला साधारण १३ हजार, १८ हजार आणि ९० हजार. लॉग घेतला तर पॅसेज ० मध्येच २३ वाल्याचे १३.७ डबलिंग, ६९ वाल्यांचे १४.१ आणि ७१ वाल्यांचे १६.५. पुढचे तीन पॅसेज तिघांचे जवळपास सारखेच, मिळून सातच्या आसपास. तर मी ज्याला पॅसेज ३ म्हणत होते ते २१, २१ आणि साडेतेवीस होतं. ६९ वाल्या बाईंची पेलेट तरुण मुलासारखी का आली ते आकड्यातच होतं.

७१ वालीवर बीटा-गॅल पण केलं, जवळपास दर तिसरी सेल निळी. २३ वाल्यात शोधून शोधून दिसतात.

----

फ्लास्कवाला :

शाब्बास. कागदावर उतरलं की कसं स्वच्छ दिसतं बघा. पण लगेच "वय नाही, डबलिंगच कारण" असं लिहून टाकू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलन्या पाचच का आल्या, ते वय असेल, झिजलेल्या सांध्याचा आजार असेल, किंवा मॅरो काढतानाच रक्ताने पातळ झाला असेल, ते एका डोनरवरून कळणार नाही. आणि अडीच डबलिंग जास्त झाल्याने सगळी ताकद जाईल असंही मला वाटत नाही, मूळपेशी ताईंनी लिहिलेलं रिसेप्टरचं प्रकरण त्यात असणारच. आणखी एक, पाच कॉलन्यांतली एखादी जरी दांडगी निघाली तरी फ्लास्कभर तिचीच पिल्लं होतात, मग तुम्ही बाईंच्या सेल्स नाही, एका सेलचा वंश तपासताय.

७१ वालीची आधीच्या पॅसेजची डबी गोठवलेली आहे का? असेल तर ती एकच पॅसेज वाढवा, एफजीएफ-२ घालून. २१ ला पोचेल. आणि २३ वाल्याला उलट पुढे साडेतेवीसपर्यंत न्या. मग चारही पेलेट एकाच दिवशी लावा.

----

पेशीवेडी :

पॅसेज १ ची एकच डबी होती, गेल्या आठवड्यात वितळवली. एफजीएफ-२ घालून सहा दिवसांत फ्लास्क भरला, आधी दहा लागले होते. मोजून २१ डबलिंगला काढल्या, काल संध्याकाळी सहा पेलेट लावल्या, शेजारी २३ वाल्याच्या २१ च्या सहा आणि साडेतेवीसच्या सहा. मूळपेशी ताई, क्यूपीसीआरसाठी टाइप १० आणि दोन्ही रिसेप्टरांचे प्रायमर मागवलेत, आणि सायनोव्हियमसाठी पुढच्या ऑपरेशनची परवानगी टाकतेय.

मास्तर, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आज सकाळी इनक्युबेटर उघडला. ७१ वर्षांच्या बाईंच्या सहापैकी चार ट्यूबमध्ये चकती कडेने उचललेली, गोल झालेली. टिचकी मारली तर सुटल्या, फाटल्या नाहीत. पाचवी अजून अर्धी चिकटलेली आहे, सहावी फाटली. अजून वीस दिवस आहेत, आतून लाल येतील की नाही ते स्टेन केल्यावर लिहीन.